लॅपटॉप तापतोय? आधी त्याला श्वास घेऊ द्या

मे महिन्यातली दुपार. नागपूरहून माझ्या थोरल्या नणंदेचा फोन आला. आवाज रडवेला झालेला.

"अगं, माझा लॅपटॉप गेला. दहा मिनिटं चालतो अन् आपोआप बंद पडतो. उद्या अकरा तारीख, चार दुकानदारांची जीएसटीची विवरणं भरायची आहेत. दुकानात नेऊन दाखवला तर म्हणतात, मदरबोर्ड गेला. चौदा हजार लागतील."

ताई घरी बसून लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात. लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी हप्त्यांनी घेतलेला, शेवटचा हप्ता नुकताच फिटलेला. त्याच लॅपटॉपवर बारावीत गेलेला मुलगा शिकवणीचे व्हिडिओ पाहतो. म्हणजे बिघडले होते ते एक यंत्र, पण अडले होते सगळे घर.

मी एवढेच विचारले, "ताई, तुम्ही काम करता तेव्हा लॅपटॉप कुठे ठेवता?"

"कुठे म्हणजे? पलंगावर. कूलर त्याच खोलीत आहे ना!"

"थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो का?"

"हो, अर्ध्या तासानं होतो. मग पुन्हा तेच."

मदरबोर्ड खरोखर गेला असता, तर तो अर्ध्या तासाच्या विश्रांतीने बरा झाला नसता, असे मला वाटले. मी त्यांना सांगितले, की जेवायला बसायचा लाकडी पाट घ्या, तो गादीवर नव्हे, टेबलावर ठेवा, त्यावर लॅपटॉप ठेवा आणि मागच्या बाजूला दोन जुन्या वह्या सरकवून ती बाजू उंच करा. खालची जाळी मात्र झाकू देऊ नका. रात्री नऊनंतर हवा जरा उतरली की काम सुरू करा. रात्री सव्वाबारा वाजता ताईंचा संदेश आला, "चारही भरली. एकदाही बंद पडला नाही."

गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. पण त्या लॅपटॉपच्या पोटात आणखी एक दुखणे निघाले. ते पुढे सांगते.

उष्णता येते कुठून?

लॅपटॉपमधील प्रोसेसर हा बोटाच्या पेराएवढा सिलिकॉनचा तुकडा असतो. त्यात जाणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर १५ वॅटच्या आसपासचा असतो. जुना झिरोचा बल्ब आठवतो? नाव झिरो, पण खायचा पंधराएक वॅट. तेवढी उष्णता नखाएवढ्या जागेत एकवटली, तर काय होईल याची कल्पना करा. गेम खेळण्यासाठीच्या लॅपटॉपमध्ये तर याच्या तिप्पट आणि त्याहूनही जास्त.

ही उष्णता बाहेर काढण्याची युक्ती मात्र फार सुंदर आहे. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते. तिच्या आत थेंबभर पाणी असते आणि हवा जवळपास काढून टाकलेली असते. त्यामुळे ते पाणी थोड्याशा उष्णतेनेही उकळते. वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला पळते, तिथे धातूच्या पातळ पात्यांना उष्णता देते, पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या अस्तरातून झिरपत मागे येते. वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवले की आतून पाणी जमते आणि थेंब खाली पडतात, तसेच हे. अमेरिकेत लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी तयार केली, ती अवकाशात वापरायच्या उपकरणांचा विचार करून. आज ती आपल्या मांडीवरच्या यंत्रात आहे.

पात्यांपर्यंत आलेली उष्णता बाहेर फेकण्याचे काम एक छोटा पंखा करतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये तो खालच्या जाळीतून गार हवा ओढतो आणि मागच्या किंवा बाजूच्या फटीतून गरम हवा सोडतो. (काही पातळ लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो. अॅपलच्या २०२० पासूनच्या एम मालिकेतील मॅकबुक एअरमध्ये तो नाही. तिथे धातूचे अंगच उष्णता सोडते.) आता गंमत पाहा. गार हवा खालून घ्यायची आणि खाली आहे कापसाची गादी! लॅपटॉप चार रबरी बुटक्या पायांवर मिलिमीटरभर उंच उभा असतो. ते पाय गादीत रुततात आणि जाळी बंद होते. ताईंच्या लॅपटॉपचे नेमके हेच झाले होते. कूलरची हवा त्यांना लागत होती, लॅपटॉपला नाही.

खोलीचा पारा

यात भर पडते आपल्या उन्हाळ्याची. लॅपटॉपसोबत मिळणारी माहितीपुस्तिका आपण कधी उघडतही नाही, पण तिच्यात एक ओळ असते. बहुतेक कंपन्या लॅपटॉप वापरण्यासाठी खोलीचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे, असे सांगतात. अॅपलने मॅकबुकसाठी १० ते ३५ अंश ही मर्यादा दिली आहे. नागपूर, अकोला, जळगावच काय, जयपूर आणि दिल्लीतही मे महिन्यात पत्र्याखालची किंवा गच्चीखालची खोली दुपारी ४० अंशांच्या खाली क्वचितच असते.

पंखा कितीही फिरला तरी तो खोलीतलीच हवा आत घेणार. खोली २७ अंशांवर असताना प्रोसेसर ८० अंशांवर राहत असेल, तर त्याच कामासाठी ४२ अंशांच्या खोलीत तो पंधराएक अंश वर, म्हणजे ९५ च्या घरात जाईल. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंशांदरम्यान असते. तिथवर पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे लॅपटॉप अचानक मंद झाला, साधी फाईल उघडायलाही वेळ लागू लागला आणि पंखा मात्र घोंघावतोय, तर तो म्हातारा झाला असे समजून नवा घ्यायला धावू नका. वेग कमी करूनही भागले नाही, तर तो सरळ बंद पडतो. हा बिघाड नव्हे, आतील सुरक्षेची सोय आहे.

उन्हाळ्यात जड काम सकाळी किंवा रात्री करणे, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय. छताचा पंखा सुरू ठेवा. खिडकीतून येणारे ऊन लॅपटॉपवर पडू देऊ नका. कूलर असेल तर हवा जाऊ द्या, पण अगदी तोंडापाशी नको. कूलरमधून उडणारे तुषार यंत्राला बाधतात. आणि कृपा करून लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवू नका, खाली बर्फाची पिशवीही नको. हसू नका, असे करणारी माणसे मी पाहिली आहेत. गार झालेल्या यंत्रात बाहेरच्या दमट हवेतील पाणी जमते, मुंबई-कोकणात तर चटकन. तापल्याने वाचला असता, तो भिजल्याने जातो.

धुळीचा पेळू

पुढच्या आठवड्यात मी नागपूरला गेले तेव्हा आम्ही दुसऱ्या एका कारागिराकडे लॅपटॉप नेला आणि आमच्यासमोर उघडायला लावला. खालचे झाकण निघाले. वरवर सगळे स्वच्छ. मग त्याने पंख्याचे स्क्रू काढून पंखा उचलला आणि पंखा व पात्यांच्या मधल्या जागेतून चिमट्याने एक वस्तू ओढून काढली. करड्या रंगाची, नमद्यासारखी, बोटभर लांब पट्टी. अगदी कापसाचा पेळू! गादीचा कापूस, चादरीचे तंतू, केस आणि घरातली धूळ, दोन वर्षांची कमाई. पात्यांच्या सगळ्या फटी तिने बुजवल्या होत्या. पंखा फिरत होता, पण हवा बाहेर जाणार कुठून?

"मदरबोर्ड?" ताईंनी विचारले.

"मदरबोर्डला काय धाड भरली आहे!" तो म्हणाला. सफाईचे आणि नव्या पेस्टचे मिळून सातशे रुपये झाले.

पहिल्या दुकानदाराने मुद्दाम फसवले की त्याला कळलेच नाही, हे मला सांगता येणार नाही. पण एवढे नक्की, की "थंड झाल्यावर चालतो" हे वाक्य दुकानात आवर्जून सांगावे आणि मोठा खर्च सांगितला तर आधी पंखा साफ करून पाहण्याचा आग्रह धरावा.

वर्षातून एकदा, आणि धुळीच्या गावात किंवा घरात मांजर-कुत्रे असेल तर दोनदा, ही सफाई व्हायला हवी. हमीचा काळ चालू असेल तर स्वतः उघडू नका, कंपनीच्या सेवा केंद्रात न्या. हमी संपली असेल आणि हात बसलेला असेल, तरच घरी करा. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा. झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ सुटी करा. हवेचा डबा किंवा फुगा वापरणार असाल तर पंख्याचे पाते दात कोरायच्या काडीने अडवून धरा. हवेच्या जोराने पंखा भन्नाट फिरला तर त्याचा आस बिघडतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्यातून निर्माण होणारी स्थिर वीज आतील नाजूक भागांना मारक ठरू शकते. ओले फडके तर नाहीच. उघडायचे धाडस नसेल तर निदान बाहेरच्या जाळ्या महिन्याला एकदा कोरड्या ब्रशने झाडा. पेळू त्याने निघणार नाही, पण जमायला उशीर लागेल.

पेस्ट म्हणजे काय, हे ताईंनीही विचारले होते. प्रोसेसर आणि तांब्याचा पत्रा एकमेकांवर टेकलेले दिसले, तरी त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात. त्या भरायला एक राखाडी मलम लावतात. काही वर्षांत ते वाळते, भेगाळते आणि उष्णता अडू लागते. जुने मलम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवे लावायचे, तेही तांदळाच्या दाण्याएवढेच. टूथपेस्टनेही काम भागते, असे सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. टूथपेस्ट चार दिवसांत वाळून भुकटी होते. असल्या गोष्टींच्या वाटेला जाऊ नका.

बाजारात पंखे बसवलेले कूलिंग पॅड मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. लॅपटॉपची जाळी खालून असेल आणि पॅडचे पंखे बरोबर तिच्याखाली येत असतील, तर काही अंशांचा फरक पडतो. आत पेळू बसलेला असेल तर पॅड कितीही महागडा घ्या, व्यर्थ. माझे मत विचाराल तर आधी पाट, मग सफाई, आणि तरीही गरज वाटली तरच पॅड.

न दिसणारे काम

काही वेळा जागा बरोबर, पंखा स्वच्छ, तरी लॅपटॉप तापतो. तेव्हा आत काय चालले आहे ते पाहावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. मॅकमध्ये याच कामासाठी अॅक्टिव्हिटी मॉनिटर आहे. सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारा, म्हणजे सर्वांत जास्त राबवणारा प्रोग्राम वर येईल. बऱ्याचदा तो ब्राउझर असतो, तीस-चाळीस टॅब उघडे ठेवलेला. कधी अँटिव्हायरस तपासणी करत असतो, कधी विंडोज स्वतःला अद्ययावत करत असते. ते संपू द्यावे. पण तुम्ही काहीही करत नसताना एखादा अनोळखी प्रोग्राम तासन्‌तास प्रोसेसर अडवून बसला असेल, तर सावध व्हा. फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर चोरपावलांनी येणारे काही प्रोग्राम आपल्या विजेवर दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावत असतात.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये पॉवरच्या पानावर वीज वाचवण्याचा पर्याय आहे. हिशेब, पत्रव्यवहार, व्हिडिओ यांसाठी तो पुरतो आणि तापमान लगेच उतरते.

आणखी एक सवय घातक आहे. लॅपटॉपचे झाकण मिटले म्हणजे तो झोपला असे समजून आपण तो पिशवीत घालतो. आजचे अनेक लॅपटॉप झाकण मिटल्यावरही अधूनमधून जागे होतात. पिशवीत हवा नाही, पंखा कोंडलेला. घरी येऊन हात लावावा तर तव्यासारखा गरम. प्रवासाला निघताना तो पूर्ण बंदच करावा.

मांडी आणि कांगडी

लॅपटॉप या नावातच मांडी आहे, पण ती त्याची योग्य जागा नव्हे. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. वर्षानुवर्षे तिची धग लागल्याने कातडीवर जाळीदार तांबूस-तपकिरी डाग पडतात, हे तिथल्या डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. तसेच डाग स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या डॉक्टरांना एका बारा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर दिसले. तो कित्येक महिने रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळत असे. २०१० मध्ये त्यांनी हे प्रकरण बालरोगांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. कातडी भाजत नाही, फोड येत नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मुले पांघरुणात लॅपटॉप घेऊन बसतात, त्यांच्या आयांनी इकडे पाहावे.

पुरुषांसाठीही एक सूचना. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथे येफिम शेनकिन आणि सहकाऱ्यांनी २९ निरोगी तरुणांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तासभर मांडीवर लॅपटॉप ठेवल्याने अंडकोशाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. त्यातला बराच भाग नुसते गुडघे जुळवून बसण्यानेही वाढत होता. यावरून वंध्यत्व येतेच असे सिद्ध होत नाही, पण मूल होण्याची वाट पाहणाऱ्या जोडप्याने टेबल वापरलेले काय वाईट?

फुगलेली बॅटरी

आता ते राहिलेले दुखणे. कारागिराने सफाई केली आणि झाकण लावण्याऐवजी तो थांबला. बॅटरीवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, हे बघा." सपाट असायला हवी ती बॅटरी एका कडेला भाजलेल्या फुलक्यासारखी टम्म झाली होती. "माऊसचं पॅड दाबायला घट्ट वाटत होतं का?"

ताई गप्प झाल्या. दोन महिन्यांपासून वाटत होते. त्यांना वाटले बटण जुने झाले. आणि रोज रात्री तो लॅपटॉप गादीवरच, झोपलेल्या मुलाच्या उशाशी, चार्जिंगला लावलेला असायचा.

लॅपटॉपमधील लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत सतत गरम राहिली तर आणखी लवकर. आत रासायनिक क्रिया होऊन वायू तयार होतो आणि तिचे पाकीट फुगते. फुगलेली प्रत्येक बॅटरी पेटतेच असे नाही. पण ती टोचली गेली, दाबली गेली किंवा तशीच चार्ज करत राहिले, तर पेटू शकते. आग लागली तर ती झपाट्याने पसरते आणि तिचा धूर विषारी असतो. ही भीती पोकळ नाही. २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीने बनवलेल्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. २०१९ मध्ये अॅपलने मॅकबुक प्रोच्या एका मॉडेलच्या बॅटऱ्या याच कारणासाठी बदलून दिल्या आणि तोवर ते मॉडेल विमानात नेऊ नये, असे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांना सांगितले होते.

लक्षणे डोळ्यांना दिसतात. माऊसचे पॅड वर आलेले किंवा घट्ट झालेले, झाकण नीट न मिटणे, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगणे, कडेची फट रुंद होणे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका. झाकण दाबून बसवण्याचा प्रयत्न नको, सुई टोचून वायू काढण्याचा तर विचारही नको. गादी, पडदे, कागद यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि सेवा केंद्राला फोन करा. उद्या करू, पगार झाल्यावर करू, असे यात चालत नाही. या लेखातील बाकी सगळे उपाय तुम्ही सवडीने केले तरी बिघडणार नाही, हा मात्र नाही. धूर येऊ लागलाच तर भिंतीवरचे बटण बंद करून मुलांना घेऊन खोलीबाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवा. लॅपटॉप वाचवायला आत जाऊ नका.

जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नसते. देशात २०२२ पासून बॅटऱ्यांच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. ती उत्पादकांकडे किंवा अधिकृत संकलन केंद्राकडेच जायला हवी. नवी घेताना कंपनीचीच घ्या. निम्म्या किमतीत मिळणाऱ्या नकली बॅटरीत संरक्षक सर्किट कसे असेल, कोण सांगणार? चार्जरचेही तेच. लॅपटॉप दिवसभर वायरीला जोडलेलाच राहत असेल, तर अनेक कंपन्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय दिली आहे, ती सुरू करा.

ताईंनी त्याच दिवशी कंपनीच्या सेवा केंद्रात जाऊन बॅटरी बदलून घेतली. साडेतीन हजार लागले. दुकानदाराच्या चौदा हजारांपेक्षा कमी, तरी महिन्याच्या हिशेबात खटकणारेच. घरी आल्यावर त्यांनी पहिले काम केले ते मुलाच्या उशाजवळची चार्जरची वायर गुंडाळून टेबलाच्या खणात टाकण्याचे. आता रात्री साडेदहा वाजता लॅपटॉप बंद होतो आणि चार्जिंग सकाळी होते, घरातली माणसे जागी असताना.

पाट मात्र अजून टेबलावरच आहे. त्यांच्या सासूबाईंनी परवा नैवेद्याच्या वेळी तो सगळ्या घरात शोधला.